बदलीवरचे टिकले

तळोद्याच्या मुलींच्या शाळेची आणि गुरांच्या दवाखान्याची मधली भिंत एकच होती, आणि तीही कुडाची. पलीकडे बैलाच्या खांद्याला औषध चोळलं की इकडे तिसरीच्या पोरी नाक दाबून धरत. इकडे पंधराचा पाढा सुरू झाला की पलीकडची एखादी म्हैस हमखास मधेच हंबरायची. मी त्या शाळेतली एकुलती एक शिक्षिका. दोन वर्षांत मला या सगळ्याची सवय होऊन गेली होती. पण एका सकाळी भिंतीपलीकडून जे ऐकू आलं, त्याची काही सवय नव्हती.

"या मावशी, या. अशा निवांत बसा. घाबरायचं काही कारण नाही. पोट कधीपासून फुगलंय? बरं, नका सांगू. आधी दम घ्या."

आवाज पुरुषाचा, आणि इतका अदबीचा, की पोरी पाढा विसरून भिंतीकडे बघायला लागल्या. गुरांचे कायमचे डॉक्टर दुखणाईत होऊन तीन महिन्यांच्या रजेवर गेले होते, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, त्यांच्या जागी चुकून माणसांचा डॉक्टर धाडला. अशा चुका तेव्हा होत. मला महिनाभर खोकला होता. मधल्या सुट्टीत पदर सारखा करून मी पलीकडे गेले.

ओसरीवर स्वच्छ गोधडी अंथरली होती. गोधडीवर एक काळी शेळी बसली होती, आणि तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून एक लांबोडका, हाडकुळा माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. कोट सुरकुतलेला, टोपी गुडघ्यावर, मिशी एका बाजूला जरा जास्त.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मला जरा खोकला..."

"तू थांब," तो वर न बघता म्हणाला. "ह्यांचं होऊ दे आधी."

मग त्यानं मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "तू तर माणूस आहेस. मी माणसांचं बघत नाही."

हे डॉक्टर टिकले. आडनाव टिकले, आणि जन्मभर कुठं टिकले नाहीत. मूळचे राजापूरकडचे. मुंबईला गुरांची डॉक्टरी शिकले, पण कायमची जागा त्यांना कधीच मिळाली नाही. कुणी रजेवर गेलं, कुणाची बायको बाळंत झाली, कुणी वरिष्ठांशी भांडून घरी बसलं, की तेवढ्या दिवसांपुरती टिकल्यांना तार जायची. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि पेशंटसाठी ती गोधडी, एवढा संसार घेऊन ते यायचे. तळोदा हा त्यांचा अकरावा की बारावा तालुका. त्यांनाही नक्की आठवत नसे.

जनावराला "अहो" आणि माणसाला "अरे", ही त्यांची रीत. यात अपवाद नव्हता. मांजर असो, म्हैस असो, कोंबडी असो, सगळ्यांना "तुम्ही", आणि माणूस मग तो मामलेदार का असेना, "काय रे, कशाला आलास?" मामलेदार पुण्याकडचे. पहिल्या भेटीत त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी तोंडावर गार पाणी मारलं. पण तळोद्याच्या लोकांना टिकल्यांचं काहीच वाटलं नाही. आमच्या खानदेशात बोलणंच असं, की लहानथोर सगळे तू. उलट लोक म्हणायचे, "हाऊ डाक्टर आपलाच शे. फक्त ढोरंसना बाबतमा जरा येडा शे."

याचं कारण मी एकदा विचारलं. तेव्हा आमची थोडी ओळख झाली होती, म्हणजे "तुझ्या पोरी फार आरडतात, माझे पेशंट झोपत नाहीत" अशी तक्रार त्यांनी तीनदा केली होती आणि मी तीनदा ती फेटाळली होती.

"पहिल्या महायुद्धात मी इराकात बसऱ्याला होतो," ते म्हणाले. "खेचरांच्या पलटणीत. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर कोरलेला. रोज त्यांची हजेरी, त्यांना रोज हरभरे, थंडीत त्यांना घोंगडी. मला हिवताप झाला तेव्हा मी घोंगडी मागितली. साहेब म्हणाला, शिल्लक नाही. म्हणून मी एका खेचराला टेकून झोपलो. तीन रात्री त्यांनी मला लाथ मारली नाही. आता तूच सांग, आमच्यात अरे कोण आणि अहो कोण?"

हे ऐकून मला भरून आलं. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी हेच पोस्टमास्तरांना वेगळं सांगितलं: "जो चावू शकतो त्याला अहो म्हणावं, बस."

त्यांची तपासायची पद्धतही न्यारी. जनावर आणलं की मालकाला बाहेर घालवायचे. जनावराकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं जमिनीवर बसून शेंगा खायच्या. अर्धा तास लागो, तास लागो. "आधी त्यांनी मला तपासावं," ते म्हणत. "वास घेऊ देत, विचार करू देत. पटलं तर येतील." आणि खरंच, थोड्या वेळानं कुत्रं येऊन त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकायचं. मग ते नळी आधी स्वतःच्या काखेत धरून ऊब देत आणि मगच त्याच्या छातीला लावत. गार नळी लावली तर हृदय खोटं बोलतं म्हणे.

त्या काळी दवाखान्यात बैल यायचे, म्हशी यायच्या. कुत्र्यामांजरासाठी दवाखान्यात जायची कल्पनाच कुणाला नव्हती. टिकल्यांनी ती गावाला दिली, आणि तिथूनच कटकट सुरू झाली. जिल्हा बोर्डाच्या छापील नोंदवहीत रकाने फक्त बैल, गाय, म्हैस, घोडा आणि शेळी यांचे. मांजर कुठं लिहायचं? टिकले "बैल" या रकान्यात लिहायचे आणि पुढे कंसात खुलासा करायचे: "लहान, उंदीर धरतो." शिंप्याचा पोपट आला तेव्हा त्यांनी लिहिलं: "बैल, हिरवा, बोलतो." महिन्याभरानं वरून चौकशीचा कागद आला, की सदर बोलणारा बैल तपासणीसाठी हजर ठेवावा. टिकल्यांनी टपालानं उत्तर धाडलं: "बैल परवा उडून गेला." ते खोटं नव्हतं. पोपट खरंच पिंजऱ्यातून उडून गेला होता. पुढे वरून काही विचारणा झाली नाही.

एके दिवशी जवळच्या खेड्यातून मोंघीबाई नावाची एक गुजर पाटलीण आली. नवरा भगवानभाऊ बाहेर गाडीपाशी उभा. बाईचा डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत, काखेत झाकलेली टोपली. टोपलीत बोका होता. टिकल्यांनी टोपली उघडून एकदा आत पाहिलं आणि बाईला विचारलं, "ह्यांना कधीपासून बरं नाही?"

आता "ह्यांना" म्हटल्यावर कुठलीही बाई काय समजेल? ती पदराआडून म्हणाली, "त्यास्ले? त्या त बरा शेतस."

"भूक कशी आहे?"

"चार भाकरी खातस. वर लोटाभर दूध पितस."

टिकले चाट पडले. "चार भाकरी? एवढ्या जिवाला?"

"मीच खिलाडस ना," मोंघीबाई अभिमानानं म्हणाली.

टिकल्यांनी बोक्याचा कान उलटून बघितला. "आणि रात्री कुठं असतात?"

"घरमाच जपतस." म्हणजे घरातच झोपतात.

"मुळीच नाही. हे रोज रात्री बाहेर जातात. दुसऱ्या एका घरी ह्यांचं जेवण होतं. इथं चार भाकरी आणि तिथं वेगळं, मग पोट बिघडेल नाही तर काय? दुसरा काही आजार नाही."

मोंघीबाई ताडकन उठली. तोंडावरचा पदर मागं गेला. टोपली तिथंच टाकून ती बाहेर आली आणि भर रस्त्यात नवऱ्यासमोर उभी राहिली. "रोज रातले कोनाघर जास तू? डाक्टरनी सांगं माले!"

शाळेच्या खिडकीत मी आणि माझ्या सगळ्या पोरी उभ्या होत्या. भगवानभाऊचा रंग उतरला. त्यानं नाकबूल करावं ना? पण दवाखान्यातल्या डॉक्टरला नुसता बोका बघून आपलं गुपित कळलं, या धक्क्यानं तो सरळ कबूल झाला. "भाऊना घर जास," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "जेवाले जास फक्त. वहिनी कढी करस ना... दुसरं काय नही, तुन्ही आन!"

दोन भावांचं बांधावरून वाजलं होतं आणि मोंघीबाईनं त्या घरचं पाणी बंद केलं होतं. तेवढ्यात टिकले बोका छातीशी धरून बाहेर आले. "तू ह्यांच्या घरचा का रे? दोन दिवस लंघन. काही द्यायचं नाही."

"माले?" भगवानभाऊ म्हणाला.

"तुला कशाला? ह्यांना."

पुढचं मला मोंघीबाईच्या भाचीनं सांगितलं, ती माझ्याकडे दुसरीत होती. बाई तडक मोठ्या दिराच्या घरी भांडायला गेली. जाऊबाईनं आधी पानावर बसवलं. कढी खाल्ली आणि भांडण राहून गेलं. बोका दोन दिवस उपाशी ठेवल्यावर ठणठणीत झाला. गावात मात्र बातमी पसरली, की नवा डॉक्टर मांजर बघून नवऱ्याचं सांगतो. पुढचे पंधरा दिवस दवाखान्यात मांजरांची रांग लागली, आणि सगळी बायकांनी आणलेली.

टिकल्यांचा त्रास शेवटी माझ्यापर्यंत आलाच. मी त्या वर्षी कायम व्हायची होते, आणि शाळा तपासायला डिपोटी येणार होते. मी पोरींकडून सगळं घोटून घेतलं होतं. कविता, पाढे, नकाशा, काही कमी नव्हतं. डिपोटी खुर्चीत बसले आणि पहिलाच सोपा प्रश्न विचारला. "गाय काय देते?"

मंजुळा उभी राहिली. माझी सगळ्यात हुशार पोरगी. "गाय दूध देतात," ती म्हणाली.

"देतात? किती गायी आहेत?"

"एकच, साहेब. त्या सकाळी देतात, संध्याकाळी देतात."

डिपोटींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. दोन महिने पोरींच्या कानावर शुद्ध पुस्तकी मराठी कुठून पडत होती? भिंतीपलीकडून. घरी अहिराणी, शाळेत मी एकटी. बाकी सगळं टिकल्यांकडून.

"कुत्रा काय करतो?" डिपोटींनी सगळ्या वर्गाला विचारलं.

"भुंकतात!"

"आणि शेतकरी?"

"नांगरतो!"

डिपोटींचा आवाज चढला. "आणि मी? मी कोण आहे?"

चाळीस पोरी एका सुरात ओरडल्या, "तू डिपोटी!"

अगदी त्याच क्षणी पलीकडून टिकल्यांचा आवाज आला, "उठा आता आजोबा. शेपटी सांभाळा." कुणी हसलं नाही. ते सगळ्यात वाईट.

शेरेबुकात डिपोटींनी लिहिलं: "मुलींना जनावरांविषयी आदर दिसला. अधिकाऱ्यांविषयी दिसला नाही." ते वही मिटून गेले, आणि मी ती वही घेऊन तशीच दवाखान्यात शिरले. एक वर्ष गेलं होतं माझं. "वाचा," मी म्हटलं. "तुमच्यामुळं झालंय हे."

टिकल्यांनी शेरा वाचला. पुन्हा वाचला. डोळ्यांना टोपी लावून म्हणाले, "मास्तरीण, एवढा चांगला शेरा मला उभ्या नोकरीत मिळाला नाही. मला उतरवून देशील?"

मी त्या वर्षी कायम झाले नाही. त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी बाजार होता, आणि त्या दिवशी गोविंदरावांना कुत्रा चावला.

गोविंदराव हे कचेरीतले अव्वल कारकून. पोट पुढं, उपरणं मागं, आणि बाजारात कुठलीही वस्तू आधी फुकट चाखून बघायची सवय. त्या दिवशी अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरातून दित्या नावाचा एक पावरा आदिवासी मध आणि चारोळी विकायला आला होता. बरोबर त्याचा पिवळट, कान तुटका कुत्रा. गोविंदरावांनी मधाच्या मडक्यात बोट घातलं, चाटलं, पुन्हा घातलं, आणि नीट चव घ्यावी म्हणून खाली बसले. ते बरोबर कुत्र्याच्या शेपटीवर. कुत्र्यानं जिथं सोपं होतं तिथंच धरलं. धोतराचा लाल काठाचा तुकडा त्याच्या तोंडात आला.

"पिसायेल कुत्रा! पिसायेल कुत्रा!" बाजार उधळला. कुत्रा घाबरून पळाला आणि दवाखान्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत घुसून टेबलाखाली बसला. मागून काठ्या घेतलेले लोक, मागून बंदुकीसह शिपाई, सगळ्यांच्या मागून लंगडत गोविंदराव, "मारा त्याला!" असं ओरडत. दित्या कडेला हात जोडून उभा. त्याची भाषा कुणाला कळत नव्हती. येत होता तेवढा एकच मराठी शब्द तो छातीवर हात मारून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माझा, माझा."

टिकले दारात आडवे बसले. "गोळी घालायची असेल तर घाला," ते म्हणाले, "पण गोविंदा, आधी एक ऐक. त्यांना मारलंस तर ते सुटले. तू काय करशील? ते पिसाळलेले होते की नव्हते, हे तुला कोण सांगेल? त्यांना दहा दिवस जगू दे. दहा दिवसांनी ते धडधाकट असले, तर तूही वाचलास."

काठ्या खाली आल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "आनि दहा दिनना मधमाच कुत्रा मरी गया त?"

"म्हणून ह्यानं आजच मुंबईला जावं आणि इंजेक्शनं घ्यावीत. पोटात चौदा."

गोविंदरावांनी पोटावर हात ठेवला. "चौदा?"

"चौदा. पण आधी जखम धुवायची, लगेच."

दवाखान्याच्या अंगणात बैल अडकवायचा लाकडी खोडा होता. टिकल्यांनी तालुक्याच्या अव्वल कारकुनाला त्या खोड्यात पालथं घातलं आणि म्हशी घासायच्या ब्रशानं, कार्बोलिक साबणानं पंधरा मिनिटं जखम घासली. "हलू नकोस रे! एवढ्या म्हशी आल्या इथं, कुणी असा आरडाओरडा केला नाही." मी मुलींना खिडकीतून आत ओढत होते आणि स्वतः बघत होते.

मुंबईला जायला गोविंदरावांना रजा हवी होती. रजेचा अर्ज त्यांनी लिहिला, पण उभ्यानं. बसता येत नव्हतं. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. टिकले रोज त्यांना म्हणत, "तू बिनरजेचा जा," आणि गोविंदराव रोज म्हणत, "असं कसं जाता येईल?" मला वाटतं, त्यांना मरणापेक्षा बिनरजेची भीती जास्त, आणि दोन्हींपेक्षा चौदा सुयांची.

कुत्र्याला मागच्या खोलीत साखळीनं बांधलं. दित्या डोंगरात परत गेला नाही. अंगणात चूल मांडून तिथंच राहिला. कुत्र्याला नाव नव्हतं. दित्यानं कधी ठेवलंच नव्हतं. नावाशिवाय हाक कशी मारायची म्हणून टिकले त्याला "पाहुणे" म्हणू लागले, आणि दोन दिवसांत सगळा तळोदा पाहुणे म्हणू लागला. बाजारात भेटलेला माणूस रामराम घालायच्या आधी विचारी, "पाव्हना कसा शे?" माझ्या पोरींनी भिंतीवर खडूनं दिवसांच्या रेघा मारायला सुरुवात केली.

सगळ्यात जास्त काळजी अर्थातच गोविंदरावांना. परवा जो "मारा" ओरडत होता, तो आता सकाळ-संध्याकाळ खिडकीशी उभा. पहिल्या दिवशी दूध आणलं. दुसऱ्या दिवशी पुऱ्या. तिसऱ्या दिवशी घरचं पुरण. टिकले नको म्हणत, पण ते जरा बाजूला गेले की गोविंदराव गजांमधून घास सारत. "घ्या हो, थोडं घ्या," ते कुत्र्याला विनवत. "शक्ती राहिली पाहिजे. तुमच्यावर माझं सगळं आहे." कचेरीत शिपायाला अरे म्हणणारा माणूस कुत्र्याला अहो म्हणायला चौथ्या दिवसापर्यंत शिकला होता.

सातव्या दिवशी पाहुण्यांनी दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. तोंडाला लाळ. कोपऱ्यात जाऊन घशातून खोल, विचित्र आवाज. बातमी गावभर झाली. गोविंदराव ओसरीवर मटकन बसले, बसता येत नाही हे विसरून. कचेरीतल्या शिपायाला बोलावून त्याची माफी मागितली. बायकोला निरोप धाडला, की लोणच्याची बरणी मीच फोडली होती. बंदूकवाला पोलीस शिपाई पुन्हा येऊन उभा राहिला.

टिकल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दित्यालासुद्धा. आत गेले आणि दाराला आतून कडी लावली.

शाळेच्या मागच्या खिडकीतून ती खोली दिसायची. मी पोरींना घरी पाठवलं होतं. टिकले कुत्र्यापासून हातभर अंतरावर बसले, त्याच्याकडे पाठ करून. रोजच्यासारखी शेंगांची पुडी उघडली. पण शेंग सोलली जाईना. एकच शेंग ते बोटांत फिरवत राहिले. पिसाळलेल्या कुत्र्याचं काय असतं, ते आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. त्यांना मुंबईची सुई घ्यायलाही कुणी रजा देणार नव्हतं. ते स्वतःच दुसऱ्याच्या रजेवर होते. मला एकदम वाटलं, हाक मारावी आणि बाहेर या म्हणावं. मारली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. कुत्रा उठला. साखळी वाजली. तो त्यांच्या पाठीशी आला, मानेचा वास घेतला, आणि त्यांच्या कोटावर भडाभडा ओकला.

टिकले जागचे हलले नाहीत. मग सावकाश वळले, ओकारीत बोट घालून काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि मोठ्यानं ओरडले, "गोविंदा! तुझं धोतर!"

लाल काठाचा तुकडा होता. सात दिवस पोटात अडकून बसलेला, त्यावर पुऱ्या, त्यावर पुरण. पाहुणे लगेच वाडगाभर पाणी प्यायले, आणि पाणी पिताना बघून टिकल्यांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. पाणी गिळता येतंय म्हणजे बरंच सुटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

तरी त्यांनी दहा दिवस पुरे करवलेच. दहाव्या दिवशी कुत्रा मोकळा केला, तेव्हा अंगणात जत्रेसारखी गर्दी होती. गोविंदरावांनी दित्याच्या मधाचं आख्खं मडकं न चाखता विकत घेतलं. दित्यानं टिकल्यांसमोर एक पानाची पुडी ठेवली, त्यात चारोळी होती, आणि तो चालायला लागला. कुत्रा पुढं, तो मागं. अकराव्या दिवशी गोविंदरावांची रजा मंजूर होऊन आली. ती त्यांनी घेतली आणि घरी झोपून काढली.

महिनाअखेर कायमचे डॉक्टर बरे होऊन परतले. टिकल्यांनी वर्गाच्या दारातून डोकं आत घातलं, "मास्तरीण, जातो," म्हणाले आणि गेले. मी त्यांना तो शेरा उतरवून दिला नव्हता. नंतर वाटलं, द्यायला हवा होता. पुढल्या वर्षी मी कायम झाले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, सात-आठ वर्षांनी. तेव्हा माझी बदली लोणखेड्याला झाली होती. शहाद्याहून एक वरात लोणखेड्याला येत होती. वैशाखातली दुपार, रस्ता तव्यासारखा. बॅंड वाजत होता. पण नवरदेव घोड्यावर नव्हता. तो बाशिंग सावरत, घामाघूम, रुसल्या चेहऱ्यानं पायी चालत होता. मागून घोडा मोकळाच लंगडत येत होता, आणि त्याच्यावर काळी छत्री धरून चालत होते टिकले. केस सगळे पांढरे. कोट बहुतेक तोच.

"काय झालं?" मी एका वऱ्हाड्याला विचारलं.

"घोडाना पाय तपी गया," तो कपाळावर हात मारून म्हणाला. "डाक्टर म्हने नवरदेवले, उतर खाले. उतरना बिचारा."

"कुठले डॉक्टर?"

"कोन जाने. पंधरा दिवससाठे येल शे."

मांडवाच्या दाराशी नवरीची आत्या भरजरी लुगडं नेसून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवरदेवाच्या पायावर पाणी घालायला ती वाकली, तोच टिकले ओरडले, "अगं ए! ते पाणी इकडे आण!"

बॅंड थांबला. नवरदेवाचा बाप पुढं सरसावला. आता इथं मारामारी होते, असं मला वाटलं. आत्यानं नवरदेवाच्या बुटांकडे पाहिलं, मग घोड्याच्या वर धरलेल्या पायाकडे. "माय वं," ती म्हणाली, आणि त्या भरजरी लुगड्यानिशी घोड्यासमोर उकिडवी बसली. टिकले तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी खूर दोन्ही हातांत धरला. तिनं बारीक धारेनं सगळा तांब्या त्यावर ओतला. घोड्यानं हळूच पाय जमिनीवर टेकवला. बॅंडवाल्यांनी कुणी न सांगता पुन्हा सुरू केलं.

मी गर्दीतून थोडी पुढं झाले होते. हाक मारायची होती. पण टिकले घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते आणि घोडा ऐकत होता. म्हटलं, दोघांचं बोलणं चाललंय, मधे कशाला जा.

त्यांच्या दोघांवर छत्री नवरदेवानं धरली होती.